बा काउन्सिल म्हाराजा

मोठ्या काकांचा फोन आला तेव्हा मी पुलावरच होते. सकाळच्या दोन मीटिंगांच्या मधे थोडा वेळ मिळाला की घरापासून पुलापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, ही सवय मला अण्णांनी लावलेली. ते गावी परत गेल्यावरही ती सुटली नव्हती. "गो मेघा," काका म्हणाले, "अण्णा गेलो गो." जेवून पडवीत आडवे झाले होते, चहाला उठवायला गेले तर... काका पुढे बरंच काही सांगत होते. मी पुलाच्या कठड्यातल्या त्या त्रिकोणी कोनाड्यात बसले, जिथे अण्णा बसायचे. खाली नदी नेहमीसारखी वाहत होती. सुहास, माझा नवरा, तेव्हा हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होता. त्याला आता हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हे मला सुचेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सासरे गेले असं वाटलंच नाही. माझा रोजचा सोबती गेला असं वाटलं, आणि मी रडले.

अण्णा म्हणजे माझे सासरे, मोठ्या काकांचे धाकटे भाऊ. कुडाळजवळच्या एका वाडीतले, जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन. आयुष्य तारा जोडण्यात गेलं, पण तारेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. फोनवर बोलताना ते असं ओरडायचे की समोरच्याला फोनची गरजच पडू नये. मी कोथरूडची. आमच्याकडे हळू बोलून लागट बोलायची पद्धत, त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं की हे माझ्यावर सतत चिडलेलेच असतात. सासूबाई गेल्यावर सुहासने त्यांना तीन महिन्यांसाठी आयर्लंडला बोलावलं. २०२०चा जानेवारी होता. एनिस गावाच्या बाहेर, शेताडीत आमचं घर आहे. सुहास गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर, माझं ऑफिस पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, चेरीवूडला, आठवड्यातले दोन दिवस मी तिकडेच असायचे. ते दोन दिवस अण्णा आणि आमची आठ वर्षांची ईरा एकमेकांना सांभाळत. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र आमच्या क्लेअर परगण्याच्या हेलातल्या इंग्रजीत येतं. अण्णांनी साखर खय म्हणून विचारलं की ती म्हणायची, "इट्स इन द प्रेस, आजोबा." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बिचारे अण्णा आठवडाभर साखर इस्त्रीच्या टेबलापाशी शोधत होते.

मार्चमध्ये सगळंच बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, माझं ऑफिस स्वयंपाकघराच्या टेबलावर आलं. सत्तरीच्या वरच्यांनी घराबाहेर पाऊलही टाकू नये असा हुकूम निघाला, तेव्हा अण्णांनी पासपोर्ट आणून माझ्यापुढे धरला. शाळेत घालताना मास्तरांनी त्यांना एक जून ही जन्मतारीख लावून दिली होती, वर्षही मास्तरांच्याच मर्जीचं. खरं वय त्यांच्या आईलाच ठाऊक. कागदोपत्री अण्णांना सत्तर पुरी व्हायला अजून वेळ होता. "मास्तर द्येवमाणूस," म्हणून त्यांनी काठी उचलली आणि ईराला घेऊन फिरायला निघाले. दोन किलोमीटरच्या आतच राहायची मुभा होती, आणि त्या टप्प्यात बघण्यासारखी वस्तू एकच, आमचा पूल. चुनखडीच्या दगडाचा, तीन कमानींचा, मधे उंटासारखा फुगीर. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद. पलीकडून कोण येतंय ते माथ्यावर पोचल्याशिवाय दिसत नाही, म्हणून सगळे थांबून एकमेकांना वाट देतात आणि जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानतात. चालणाऱ्यांनी गाडीसाठी बाजूला व्हावं म्हणून कठड्यात त्रिकोणी कोनाडे ठेवलेत. अण्णांनी त्यातला मधला कोनाडा ताब्यात घेतला. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला ते तिथून एक बोट उचलून दाखवत. दोन आठवड्यांत आख्खा परिसर त्यांना ओळखायला लागला.

पुलाला लागून पहिलंच घर नोराचं. ऐंशी ओलांडलेली, एकटी. तिला कुठल्या मास्तरांनी जून दिला नव्हता, त्यामुळे ती फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसायची. तिथून ती आणि पुलावरून अण्णा, मधे ईरा दुभाषी, अशा गप्पा चालत. एका संध्याकाळी मीही सोबत होते. नोरा पुलाकडे बोट दाखवून म्हणाली, हा प्रोटेक्टेड आहे बरं का, याच्या एका दगडालाही कुणाला हात लावता येत नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. संरक्षित वास्तू वगैरे म्हटलं असतं तर त्यांना ते सरकारी वाटलं असतं, म्हणून मी आपलं सोपं करून सांगितलं, "राखणीतला पूल आहे हा, अण्णा." झालं. अण्णा एकदम ताठ बसले. कोकणात राखण म्हटली की राखणदार आलाच. प्रत्येक वाडीला, वाटेला, पाण्याला राखणारा कुणीतरी असतो, त्याला विचारल्याशिवाय तिथलं पानही तोडत नाहीत. "तिका विचार गो," ते ईराला म्हणाले, "हयचो राखणदार कोण?" ईराने विचारलं, हू माइंड्स इट? नोरा हसली आणि म्हणाली, "द काउन्सिल, सपोजेडली." अण्णांनी पायातल्या चपला काढल्या, पुलाला हात जोडले आणि म्हणाले, "बा काउन्सिल म्हाराजा, मी हय बसान ऱ्हवलंय, माका ठावक नव्हता, पोटात घाल." मी हसू दाबत घरी आले. समजावून सांगायचं माझ्या जिवावर आलं.

सुहास तेव्हा घरी राहत नव्हता. रोज कोविडच्या पेशंटमध्ये वावरायचं आणि घरी येऊन म्हाताऱ्या वडिलांसमोर जेवायला बसायचं हे त्याला पटेना, म्हणून नागपूरच्या एका डॉक्टर मित्राबरोबर त्याने गावात खोली घेतली होती. रविवारी तो आमचं वाणसामान घेऊन यायचा, पुलाच्या गावाकडच्या टोकाला पिशव्या ठेवायचा आणि मागे जाऊन गाडीला टेकून उभा राहायचा. अण्णा मधल्या कोनाड्यात, मी आणि ईरा अलीकडे. अण्णांच्या त्या फोनवरच्या आवाजाचं सार्थक मला तेव्हा कळलं. "जेवलंस?" ते ओरडायचे आणि नदीवरचे बगळे उडायचे. "जेवलो," तो ओरडायचा. बापलेकांत याहून जास्त बोलणं पूर्वीही कधी मी ऐकलं नव्हतं. एकदा मी सुहासला काउन्सिल महाराजांची गोष्ट सांगून ठेवली, तेव्हा त्याने तिथूनच हाक घातली, "अण्णा, काउन्सिल म्हणजे आपली पंचायत हो!" "मगे पंचायतीक कोण राखता?" ते म्हणाले. डॉक्टरसाहेब गाडीत जाऊन बसले.

त्याच दिवसांत मला गाऱ्हाणं म्हणजे काय ते कळलं. गावच्या देवापुढे नारळ ठेवून एक मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो, अमक्याला बरं कर, तमक्याला वाट दाखव, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाणं घालायचा मान अण्णांच्या घराण्यात थोरल्याचा. म्हणजे मोठ्या काकांचा. अण्णांचा आवाज काकांपेक्षा खणखणीत, सगळे शब्द तोंडपाठ, पण मान तो मान. "मी जन्मभर व्हय म्हाराजाच म्हणत इलंय," ते मला भाजी चिरताना एकदा म्हणाले. हसत म्हणाले, पण सुरी थांबली होती. मी कोथरूडी आगाऊपणाने म्हटलं, मग इथे कोण अडवतंय, घाला की. ते दचकले. मान नसताना घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, उलट त्याला राग येतो, असं त्यांनी मला फार गंभीरपणे सांगितलं. आणि वर, एकट्याने काही होत नाही. "घालणारो एक चलता. व्हय म्हणणारे व्हये."

एप्रिलमध्ये सुहासला ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह. पहिले काही दिवस तो खोलीतच होता, फोनवर खोकत खोकत मलाच धीर द्यायचा, मग श्वास लागायला लागला आणि त्याला त्याच्याच वॉर्डात दाखल केलं. भेटायला जाता येत नव्हतं. आजवर आम्हाला पेशंटांच्या गोष्टी सांगणारा माणूस आता व्हिडिओवर नाकात नळी घालून हात हलवत होता. मी लॅपटॉप उघडून बसायचे आणि एक ओळ लिहून व्हायची नाही. ईरा विचारायची, "ही विल बी ग्रँड, वोन्ट ही?" आणि मी म्हणायचे, हो, होईल बरा. अण्णा ओरडायचे बंद झाले होते, आणि घरातली ती शांतता मला सगळ्यात जास्त घाबरवत होती.

एका दुपारी त्यांनी मला गावी फोन लावायला सांगितला. देवळात सुहाससाठी गाऱ्हाणं घाल, हे त्यांना मोठ्या काकांना सांगायचं होतं. काका पलीकडून म्हणाले, देऊळ बंद आहे, कुलूप लागलंय, मलाच आत जाता येत नाही. अण्णा फोन धरून ओट्याला टेकले. मग काका म्हणाले, "तू घाल थयसर. थयलो राखणदार आसा मा?" अण्णा म्हणाले, "आसा. पण मान?" आणि मोठे काका, ज्यांनी उभ्या जन्मात या धाकट्या भावाला सणाला नारळ धरू दिला असेल नसेल, ते म्हणाले, "मान मी देतंय. फोनार देतंय, चलात." अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसत आंघोळीला गेले.

नारळ कुठला मिळायला? आपल्याकडच्या सामानाचं दुकान लिमरिक शहरात, तिथवर जायची मुभा नाही. प्रेस धुंडाळून नारळाच्या दुधाचा एक डबा सापडला. अण्णांनी तो बराच वेळ फिरवून पाहिला. कडी ओढून डबा उघडणं म्हणजे नारळ फोडणंच, असा त्यांनी निर्णय दिला. संध्याकाळी आम्ही तिघं पुलावर गेलो. अण्णा धोतर नेसले होते, वर माझा हिवाळी कोट. नोरा फाटकाशी उभी होती, तिने ईराला काय चाललंय विचारलं. ईराने सांगितलं, डॅड इज सिक, आजोबा काउन्सिलला सांगणार आहेत, आणि मधे मधे आपल्याला हो म्हणायचंय. नोराला यात काहीच वावगं वाटलं नाही. लहानपणापासून ती इथल्या पवित्र विहिरीला प्रदक्षिणा घालत आलेली. "लाइक आमेन, सो," म्हणून तिने हात जोडले.

अण्णा कोनाड्यात उभे राहिले. कडी ओढून त्यांनी डबा फोडला. मग आवाज लावला. "बा काउन्सिल म्हाराजा! ह्या पुलाच्या राखणीक तू उभो आसस, तुका आमी वळखना नाय, पण तुझ्या दारात आमी इललव!" आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "माझो झील पलीकडे आजारी पडलो हा. जगाची सेवा करतना पडलो हा रे म्हाराजा! तेका जो काय ताप, जो काय खोकलो इलो आसात, तो ह्या व्हाळाच्या पाण्याबरोबर दर्याक धाड!" व्हय म्हाराजा. "ज्या वाटेन गेलो त्याच वाटेन, ह्याच पुलावरसून, तेका घराक हाड!" व्हय म्हाराजा. मी देवाधर्मात फारशी नसलेली बाई. पण तिसऱ्या वेळी मी मोठ्याने म्हटलं, चौथ्या वेळी ओरडून म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत मला नीट श्वास घेता आला नव्हता तो आत्ता येतोय. फाटकातून नोराचा थरथरता आवाज येत होता, "हॉय माराजा." पलीकडच्या टोकाला एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता. चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि आमचं होईपर्यंत वाट पाहिली. अण्णांनी डब्यातलं थोडं दूध नदीत सोडलं. उरलेल्याची घरी सोलकढी झाली, आमसुलं ते गावाहून घेऊन आलेच होते.

सुहास बरा झाला. औषधांनी, ऑक्सिजनने आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मेहनतीने बरा झाला, हे मी डॉक्टरची बायको म्हणून लिहून ठेवते. पण ज्या दिवशी तो घरी आला त्या दिवशी मित्राला त्याने गाडी पुलाच्या गावाकडेच थांबवायला लावली आणि पूल चालत ओलांडला. मधे दोनदा थांबला, दम लागत होता. अण्णा कोनाड्यातून बाहेर आले. त्या दोघांना मी एकमेकांना मिठी मारताना पहिल्यांदा पाहिलं. अण्णा म्हणाले, "जेवलंस?"

वर्षाच्या अखेरीस विमान मिळालं आणि अण्णा गावी परतले. त्यानंतर फोनवर एकदा मी त्यांना धीर करून विचारलं, की अण्णा, काउन्सिल म्हणजे काय ते तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का? पलीकडून नेहमीचा गडगडाट झाला. "गो, टेलिफोन खात्यात जन्म गेलो माझो. काउन्सिल म्हंजे काय तां माका कळना नाय? पण हाक मारूक नाव व्हया मा. खरा नाव कोणाक ठावक आसा?" मोठ्या काकांनी आता गावातही त्यांना एका सणाला गाऱ्हाणं घालू दिलं होतं. आवाज मागच्या आळीपर्यंत गेला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

...आणि मग तो फोन. सुहासला जाता आलं नाही. तिकडे दुसरी लाट, इकडे परतीचे नियम, हॉस्पिटलात माणसं कमी. मोठ्या काकांच्या मुलाने अग्नी दिला आणि सुहासने तो व्हिडिओवर पाहिला. नंतर तो कामावर गेला. रोज जात राहिला. तो रडला नाही, अण्णांचं नाव काढलं की उठून भांडी घासायला घ्यायचा. मला त्याची काळजी वाटायला लागली होती. मी नोराकडे मन मोकळं केलं. या सगळ्या काळात इथल्या अंत्ययात्रांना मोजक्याच माणसांना जाता येत होतं, म्हणून गावकरी आपापल्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहत आणि शवपेटी समोरून जाताना मान लववत. तोच त्यांचा निरोप. नोराने विचारलं, तुमच्यात काही ठरलेला दिवस असतो का? मी म्हटलं, तेरावा. "राइट, सो," ती म्हणाली.

तेराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं पुलाकडे निघालो, आणि वळणावर सुहास थांबला. आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती. ट्रॅक्टरवाला, पोस्टमन, ईराच्या वर्गातली मुलं आणि त्यांच्या आया, त्याच्या वॉर्डातल्या दोन नर्सेस. शवपेटी नाही, फोटो नाही, नुसता रिकामा रस्ता, आणि आम्ही त्यातून चालत गेलो. काहींनी मान लववली, बऱ्याच जणांनी एक बोट उचललं. पुलाशी नोरा होती. तिने सुपरमार्केटातून नारळ मागवला होता, खराखुरा, शेंडीवाला. तो सुहासच्या हातात देऊन तिने विचारलं, हेच ना ते? सुहास कोनाड्यात जाऊन उभा राहिला. मान त्याचा नव्हता, शब्द त्याला पाठ नव्हते, आणि पंचायतीवरून थट्टा करणारा तोच. "बा काउन्सिल म्हाराजा," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना. पण नोराने शिकवून ठेवलेलं होतं. आख्ख्या रस्त्याने एका आवाजात उत्तर दिलं, "हॉय माराजा!" सुहासने कठड्यावर डोकं टेकवलं आणि रडला. नदीकाठची शेतं ओलांडून जाईल इतक्या मोठ्याने रडला. आवाज अण्णांचाच होता, इतकी वर्षं तो याने कुठे ठेवला होता कोण जाणे. मग डोळे पुसून त्याने गाऱ्हाणं पुरं केलं. जे मोडकंतोडकं आलं ते, अण्णांना सुखाने जाऊ दे, वाटेत कुणी अडवू नये, आणि त्यांना कुणीतरी जेवलंस का म्हणून विचारावं. नारळ त्याने रस्त्याच्या कडेला फोडला, पुलाच्या दगडावर नाही. दगडाला हात लावायचा नाही हे आता आम्हा सगळ्यांना माहीत आहे. खोबरं नोराने वाटलं.

आता सुहास घरी अण्णांच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या मला नव्या आहेत. जाता-येता आम्ही दोघं कोनाड्यात टेकतो. तिथला दगड बसून बसून जरा गुळगुळीत झालाय असं मला वाटतं, सुहास म्हणतो तो दोनशे वर्षांपासून तसाच आहे.

परवाची गोष्ट. मी मीटिंगमध्ये होते आणि ईरा सायकल अंगणात टाकून धापा टाकत आत आली. पुलाच्या सांध्यांत चुना भरायला काउन्सिलची माणसं आली होती. पांढरी व्हॅन, दारावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि पिवळ्या जाकिटातला एक माणूस अण्णांच्या कोनाड्यात बसून चहा पीत होता. ईराने सायकल थांबवून त्याला हात जोडले, आणि त्याने कप तसाच धरून एक बोट उचललं. हे सगळं तिने मला नेहमीसारखं इंग्रजीत सांगितलं. पण ते नंतर. दारातून आत येताना, जन्मात जिने मला मराठीत उत्तर दिलं नाही ती माझी मुलगी, मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली होती, "आई, राखणदार इलो!"